घाटापलीकडची प्रत

सर्व्हर गेला तरी धंदा पुन्हा उभा करता यावा म्हणून त्यावरच्या माहितीची वेगळ्या जागी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. रत्नागिरी जिल्ह्यात यातली ‘वेगळी जागा’ शोधणे हेच सर्वांत अवघड काम आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजले बुडाले. एसटी आगारातली सुमारे 9 लाखांची रोकड कर्मचाऱ्यांनी बसच्या टपावर कित्येक तास बसून वाचवली. रोकड पिशवीत भरून वर नेता येते. वायरींच्या जंजाळात अडकलेला सर्व्हर आणि त्याच्याच शेजारी जोडलेली बॅकअपची हार्ड डिस्क अशा वेळी जागेवरच राहतात, आणि मूळ व प्रत एकाच पाण्यात जातात.

नियोजन दोन प्रश्नांपासून सुरू होते. किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? आणि किती वेळ काम बंद ठेवता येईल? उत्तरे धंद्यागणिक बदलतात. आंब्याच्या कॅनिंगवाल्याला मे महिन्यात अर्ध्या दिवसाच्या पावत्या गेल्या तरी हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. मासळी प्रक्रिया करणाऱ्याला 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत एखादा दिवस निभावून नेता येतो. पतसंस्थेत मात्र पिग्मीची रोजची जमा असते. खातेदाराच्या हातात पावती आहे आणि संगणकात नोंद नाही, ही वेळ तिच्यावर येता कामा नये. म्हणून तिला दिवसातून अनेकदा प्रत घ्यावी लागते.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असल्या की बॅकअप झाला, हा समज अजून सर्रास आढळतो. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालवते, एवढाच त्या सोयीचा उपयोग. चुकून खोडलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी खोडली जाते.

खऱ्या बॅकअपची पहिली पायरी म्हणजे वेगळ्या यंत्रातली डिस्क. आठवड्यातून एकदा सगळ्या माहितीची पूर्ण प्रत आणि रोज रात्री फक्त बदललेल्या भागाची, ही रूढ पद्धत. 2 टेराबाइट माहिती एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून पूर्ण उतरवायला सगळे सुरळीत असताना पाच तास लागतात; रविवारच्या रात्री ते जमते, रोज जमेलच असे नाही. कालची हरवलेली फाइल परत आणायची तर डिस्कसारखे सोयीचे काही नाही. पण ती सतत जोडलेली असते, आणि तिथेच तिचा धोका आहे.

म्हणून दुसरी पायरी टेपची. एलटीओ ही टेप 2000 साली आली तेव्हा एका कार्ट्रिजवर 100 गिगाबाइट मावत. 2017च्या आठव्या पिढीत 12 टेराबाइट मावू लागले. तळहातावर राहणाऱ्या या कार्ट्रिजमध्ये एकच रीळ असते. ती आत सरकवली की ड्राइव्ह फितीच्या टोकाची बारीक पिन पकडतो, फीत हेडसमोरून ओढून नेतो आणि आपल्या पोटातल्या दुसऱ्या रिळाला गुंडाळू लागतो. आठव्या पिढीतली फीत साधारण अर्धा इंच रुंद आणि 960 मीटर लांब असते. तिच्यावर 6,656 माग असतात आणि हेड एका वेळी 32 माग लिहिते. म्हणजे पूर्ण कार्ट्रिज भरायची तर फितीने या टोकापासून त्या टोकापर्यंत 208 फेऱ्या मारायच्या. हे अंतर जवळजवळ 200 किलोमीटर होते आणि पूर्ण वेगाने त्याला सव्वानऊ तास लागतात. लिहिलेला प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे वाचून तपासला जातो. चूक निघाली तर तो पुढे पुन्हा लिहिला जातो. हेडला माग दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच उमटवलेल्या असतात. चुंबकाने कार्ट्रिज कोरी करायला जावे तर या खुणाही पुसल्या जातात आणि ती कायमची निकामी होते.

या यंत्राचा एक हट्ट मात्र पुरवावाच लागतो. त्याला माहिती अखंड हवी. वेग थोडा कमी झाला तर ड्राइव्ह फितीची गती उतरवून सांभाळून घेतो. त्याहीपेक्षा कमी पडला की फीत थांबते, मागे जाते, जागा शोधते आणि पुन्हा धावू लागते. रात्रभर असे मागेपुढे झाले की वेळ जातो आणि फीत व हेड दोन्ही झिजतात. लाखभर बारीक फाइली नेटवर्कवरून थेट टेपवर पाठवल्या की नेमके हेच घडते. त्यामुळे आधी डिस्कवर प्रत आणि तिथून सलग टेपवर, हा क्रम ठरून गेला आहे. कार्ट्रिजांची पाळी आजोबा-बाप-मुलगा या नात्याने लावतात: रोजची टेप आठवड्याने, आठवड्याची महिन्याने आणि महिन्याची वर्षाने पुन्हा वापरायची. मार्च एंडिंगची टेप मात्र पुन्हा वापरायची नाही.

टेपचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवता येते. कपाटातल्या टेपपर्यंत कोणताही व्हायरस पोहोचत नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या व्हायरसच्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. न्हावा-शेवा इथले तिचे टर्मिनलही अडले. कंपनीच्या नेटवर्कचा गाभा असलेले सर्व्हर एकमेकांच्या प्रती सांभाळत होते, म्हणून सगळे एकदमच गेले. घानातला एकच वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली प्रत किती मोलाची असते, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सॉफ्टवेअरच्या दोषाने काही जीमेल खाती रिकामी झाली, तेव्हा गूगललाही ती पत्रे टेपवरूनच परत आणावी लागली.

कोकणात अडचणी इथून पुढे सुरू होतात. पहिली हवेची. दीर्घकाळ जपायच्या टेपला 20 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. इथे पावसाळ्यात ती 80च्या वर रेंगाळते. थंड खोलीतली कार्ट्रिज दमट हवेत आणली की तिच्यावर दव धरते. म्हणून ती घट्ट डबीत सिलिका जेलसह उभी ठेवायची आणि जागा बदलल्यावर वापरण्याआधी एक दिवस तशीच राहू द्यायची.

दुसरी अडचण जागेची. रत्नागिरीतून प्रत पाठवायला सोयीचे मोठे शहर म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूर. पण जुलै 2021च्या त्याच आठवड्यात पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले होते, घाटात दरडी कोसळल्या होत्या आणि वाशिष्ठीच्या पुलावर पाणी वाढल्याने कोकण रेल्वेही थांबली होती. सह्याद्रीवर एकाच वेळी कोसळणारा पाऊस घाटाच्या दोन्ही बाजूंच्या नद्या भरतो. नुसते घाटापलीकडे जाऊन भागत नाही. प्रत त्या पावसाच्या टप्प्याबाहेर, नागपूर किंवा सोलापूरसारख्या ठिकाणी हवी. आणि ती मे संपण्याआधी पोहोचायला हवी, कारण नंतर रस्त्याचा भरवसा नाही.

पावसाळ्यातले रोजचे बदल इंटरनेटवरून पाठवता येतात, पण तीही वाट निसरडी आहे. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही बंद होते. शिवाय 2 टेराबाइट परत उतरवायला 100 मेगाबिटच्या लाइनवर जवळजवळ दोन दिवस जातात. मोठी पूर्ण प्रत गाडीने आणि छोटे बदल तारेने, हीच विभागणी इथे शहाणपणाची ठरते.

तिसरी अडचण चाचणीची. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस खोडला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता आणि त्याच्या इशाऱ्याच्या ईमेलही पोहोचत नव्हत्या, हे उघड झाले. दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून निभावले. ‘बॅकअप पूर्ण’ हा स्क्रीनवरचा संदेश पुरावा धरता येत नाही. आगोटीच्या कामांत, छपराची कौले चाळतात त्याच सुमारास, एक कार्ट्रिज दुसऱ्या यंत्रावर पूर्ण उतरवून त्यातला ताळेबंद उघडून पाहणे सक्तीचे हवे.

उरतो काळाचा प्रश्न. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके 8 आर्थिक वर्षे जपावी लागतात आणि ऑगस्ट 2022 पासून संगणकीय हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे. टेप स्वतः तीस वर्षे टिकते असे उत्पादक सांगतात, पण ड्राइव्ह बदलत जातात. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत. आठव्या आणि नवव्या पिढीत ते एकाच पिढीवर आले. सहाव्या पिढीची टेप आठव्या ड्राइव्हमध्ये चालत नाही. तेव्हा नवा ड्राइव्ह घेताना जुन्या टेपा त्यावर उतरवून घ्यायच्या, नाहीतर जुना ड्राइव्ह चालू स्थितीत ठेवायचा. माहिती कुलूपबंद केली असेल तर तिची किल्ली, बॅकअपच्या सॉफ्टवेअरची प्रत आणि कोणत्या कार्ट्रिजवर काय आहे याची छापील यादी कार्ट्रिजांपासून वेगळी, पण पुराबाहेरच ठेवावी लागते. ती किल्ली फक्त बुडालेल्या सर्व्हरवरच असेल, तर नागपूरच्या कपाटातली धडधाकट टेपही उघडत नाही.