चर्चमधील ध्वनी, दीप आणि चित्र

रविवारच्या उपासनेत चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलेली वृद्ध स्त्री श्रद्धेने मान डोलावीत असते. तिच्या कानी शब्द पोहोचतात की नुसता घुमारा, हे मात्र क्वचितच कोणी तिला विचारतो. आपण आपल्या गावच्या चर्चच्या समितीवर असाल, आणि ध्वनिवर्धक, दिवे व कॅमेरा यांसाठी घरोघरची वर्गणी जमली असेल, तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तिला एवढे विचारून घ्यावे.

जुनी चर्चे उभारली गेली ती लॅटिन प्रार्थना आणि समूहगायन यांच्या काळात. गोव्याच्या से कॅथीड्रलसारख्या सुमारे ७६ मीटर लांबीच्या वास्तूत स्वर उंच छताखाली रेंगाळतो, एकात दुसरा मिसळतो, आणि गायनाला त्याने शोभाच येते. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. वसईच्या परिसरात मिस्सा मराठीत होऊ लागली, आणि शब्दाचा अर्थ कळणे हा उपासनेचाच भाग झाला. गायनाला पोषक असलेला घुमारा बोललेल्या शब्दाला मात्र मारक ठरतो. कारण मागील अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे अक्षर त्यावर येऊन आदळते.

या घुमाऱ्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासूनच्या प्रयोगांतून बसविले. वास्तूच्या घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि आतील पृष्ठभाग किती ध्वनी शोषितात त्या संख्येने भागावे. घुमारा किती सेकंद टिकेल ते कळते. समजा, आपले चर्च ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद व १० मीटर उंच आहे, आणि त्याच्या भिंती, छत व फरशी आपल्यावर पडणाऱ्या ध्वनीपैकी सरासरी पाच टक्केच शोषितात. रिकाम्या चर्चमध्ये घुमारा सुमारे साडेसात सेकंद टिकेल. तेथे तीनशे माणसे येऊन बसली की तोच पावणेतीन सेकंदांच्या आसपास येतो. कारण माणसाचे अंग व कपडे हे उत्तम ध्वनिशोषक आहेत. म्हणून रिकाम्या चर्चमध्ये विक्रेत्याने करून दाखविलेल्या प्रयोगावर निर्णय घेऊ नये. मागच्या भिंतीवर जाड पडदा आणि बाकांवर गाद्या, एवढ्याने पुष्कळ काम होते, आणि त्याला वीज लागत नाही.

ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढविणे हा सर्वांत सोपा व सर्वांत निरुपयोगी उपाय होय. आवाजाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये घुमारा अतिशय दीर्घ. तेथे १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत तज्ज्ञांनी निराळा मार्ग धरला. अनेक छोटे कर्णे एकावर एक रचून त्यांचा उभा स्तंभ केला. असा स्तंभ ध्वनी छताकडे फार न उधळता बसलेल्या माणसांच्या पातळीवर पसरवितो. मागच्या स्तंभांना त्यांनी मुद्दाम विलंब दिला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वेदीपासून १७ मीटरवरच्या स्तंभातून शब्द पन्नास सहस्रांश सेकंदांनी, किंबहुना त्याहून किंचित उशिरा, निघाला पाहिजे. तसे झाले म्हणजे बोलणे वेदीकडूनच येत आहे असे कानाला वाटते. ही सोय आज साध्या डिजिटल मिक्सरमध्येही मिळते. मोठ्या पेट्यांची जोडी वेदीच्या दोन्ही बाजूंना ठेवण्याची हौस लग्नमंडपात ठीक आहे.

मायक्रोफोनचेही तेच. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मग यंत्र वाढवावे लागते आणि ते शिट्टी वाजवू लागते. यास्तव वाचनपीठावर एक, धर्मगुरूंच्या झग्यावर एक, गायकांसाठी दोन, एवढे चांगल्या प्रतीचे घ्यावेत आणि ज्याचे काम नाही तो बंद ठेवावा. ज्यांच्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल आहे, त्यांच्यासाठी बाकांभोवती तारेचे वेटोळे फिरविता येते; शब्द त्या वेटोळ्यातून थेट त्यांच्या यंत्रात उतरतो. नव्या बांधकामात ही तार फरशीखालीच घालून घ्यावी; मागाहून फरशी उकरणे महाग पडते.

दिव्यांविषयी थोडेच सांगतो. ग्रंथ वाचणाऱ्यास अक्षर दिसावे व त्याचा चेहरा लोकांना दिसावा, हे प्रथम. २७०० ते ३००० केल्विनचा उबदार एलईडी प्रकाश दगडाला व जुन्या लाकडाला शोभतो. रंगीत फिरते दिवे नाटकगृहाला शोभतात. दिव्यांच्या व ध्वनियंत्रांच्या विद्युतवाहिन्या मात्र वेगळ्या असाव्यात व भूयोजन नीट करून घ्यावे. नाहीतर प्रार्थनेच्या शांततेत गुणगुण ऐकू येते.

कॅमेरा अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. त्यांना एक स्थिर कॅमेरा पुरतो, पण ध्वनी थेट मिक्सरमधून घेतलेला हवा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मायक्रोफोनला घुमाऱ्याशिवाय काही मिळत नाही.

चर्चच्या अंगणात कर्णा लावावयाचा असेल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम पाहावेत. त्यासाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत तो बंद ठेवावा लागतो. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. नाताळ त्यात आहे की नाही, हे आधी विचारून ठेवावे.

खरेदीचा करार करताना उभारणीनंतर भरलेल्या चर्चमध्ये चाचणी घेण्याची अट लिहून घ्यावी. एकाने वेदीवरून अनोळखी उतारा वाचावा. शेवटच्या बाकावरच्यांनी ऐकू आलेले शब्द कागदावर लिहावेत. कागद जुळल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आणि मिक्सरच्या प्रत्येक खुंटीखाली ती कशाची आहे ते मराठीत लिहून चिकटवावे, म्हणजे नेहमीचा मुलगा परगावी गेला तरी उपासना अडणार नाही.