रोलरकोस्टर टायकून : एक खेळ तगवण्याची पंचवीस वर्षं

‘रोलरकोस्टर टायकून’ मार्च १९९९ मध्ये बाजारात आला. त्यात बंदुका नव्हत्या, गाड्यांची शर्यत नव्हती, कुणाला हरवायचंही नव्हतं. एक मोकळी जमीन, थोडं कर्ज आणि हाताशी पाळणे, झुले, वळणदार रूळ, आइस्क्रीमचे स्टॉल. पार्क बांधायचा, लोक यायला हवेत आणि खूश होऊन घरी जायला हवेत. एवढ्या साध्या मांडणीवर त्या वर्षी अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या कॉम्प्युटर गेम्समध्ये तो जाऊन बसला. आपल्याकडे तो घरोघरी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरांवर, मित्राकडून आणलेल्या सीडीवरून पोहोचला. माझ्याकडेही तसाच आला. आज पंचवीस वर्षांनंतरही तो खेळणारे जगभर आहेत. त्यातले बहुतेक १९९९ ची सीडी जशीच्या तशी घालून खेळत नाहीत, आजच्या यंत्रावर तसं सहसा खेळताच येत नाही. मधल्या काळात त्याला जिवंत ठेवण्यासाठी जे काम झालं, ते मला मूळ खेळाइतकंच मोठं वाटतं.

हा खेळ जवळजवळ एका माणसाने लिहिला. ख्रिस सॉयर हा स्कॉटलंडमधला प्रोग्रामर. त्याची सुरुवात इतरांचे खेळ एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेऊन देण्यापासून झाली. अमिगा या कॉम्प्युटरवरचे खेळ तो पीसीसाठी नव्याने लिहून द्यायचा. डेव्हिड ब्रेबनच्या ‘फ्रंटियर : एलिट टू’ची १९९३ ची पीसी आवृत्ती त्याचीच. मग १९९४ मध्ये त्याने स्वतःचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ काढला. त्याचा पुढचा भाग करायचं मनात असताना तो रोलरकोस्टरच्या प्रेमात पडला आणि बेत बदलला. चित्रं सायमन फॉस्टरची, संगीत आणि आवाज अॅलिस्टर ब्रिम्बलचे. बाकी सगळा कोड सॉयरचा, आणि त्यातला सुमारे ९९ टक्के असेंब्ली भाषेत. उरलेला टक्काभर सी भाषेत, तोही विंडोज आणि डायरेक्टएक्सशी व्यवहार करण्यापुरता.

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरला थेट दिलेले हुकूम : हा आकडा या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, ठेव, यातून तो वजा कर, उत्तर शून्य आलं तर तिकडे जा. १९९९ पर्यंत बहुतेकांनी ती वाट सोडली होती. सॉयरने सोडली नाही आणि त्याचं फळ पडद्यावर दिसायचं. पार्कात आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा हिशेब वेगळा : खिशात पैसे किती, भूक किती, तहान किती, थरार किती आवडतो, मळमळ किती सोसते. पाऊस आला की तो छत्री शोधणार, पाळण्याचं तिकीट महाग वाटलं तर मनात तसं म्हणणार. असे हजारो पाहुणे, शेकडो डबे, झाडू मारणारे, मेकॅनिक, हे सगळं साध्या पेंटियमवर एका सेकंदात चाळीस वेळा पुढे सरकायचं. आजही हे आठवलं की मला त्या कारागिरीपुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं.

पण जो कोड एका प्रोसेसरच्या इतका जवळ लिहिला जातो, त्याला तिथून हलवता येत नाही. सी किंवा तत्सम भाषेतला कोड दुसऱ्या यंत्रासाठी पुन्हा कंपाइल करता येतो, निदान तशी आशा असते. असेंब्लीत ती सोय नसते. शिवाय मूळ कोड सॉयरकडेच, तो कधी खुला झालेला नाही.

अडचणी एकेक करून आल्या. खेळाचा पडदा २५६ रंगांचा होता. पाण्यावरची चमक वेगळी काढलेली नव्हती. रंगपेटीतले काही रंग सतत फिरवले जायचे आणि पाणी हलल्यासारखं दिसायचं. काय सुंदर युक्ती! पण विंडोज ७ पर्यंत येईतो ही २५६ रंगांची पद्धत विंडोजलाच परकी झाली होती. त्या काळच्या कित्येक खेळांत आकाश जांभळं आणि गवत गुलाबी दिसू लागलं. विंडोज ८ ने तर ते जुने रंगमोड फक्त नकलेपुरते ठेवले. रुंद पडद्यावर चौकोनी चित्र ताणलं जाऊ लागलं. सीडीवरच्या कुलपांचा प्रश्न निराळाच. सेफडिस्क हे त्या पिढीतलं गाजलेलं कुलूप ज्या ड्रायव्हरवर चालायचं, त्याला २०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षिततेच्या कारणासाठी दार बंद केलं. कारण योग्यच होतं, पण रीतसर विकत घेतलेल्या कितीतरी सीडी त्यामुळे एका दिवसात मुक्या झाल्या. पुढे २०१९ मध्ये अॅपलने ३२-बिट प्रोग्राम चालवणं थांबवलं आणि वर्षभरात इंटेलचे प्रोसेसरही सोडायला घेतले.

खेळाडूंनी हात टेकले नाहीत. कुणी कम्पॅटिबिलिटी मोड लावून पाहिला, कुणी लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाइन’मधून चालवला, कुणी खास त्यासाठी जुनी विंडोज टाकून ठेवली. जुन्या डायरेक्टड्रॉच्या हाका नव्या ग्राफिक्स कार्डाला समजतील अशा करून देणाऱ्या छोट्या फाइली फिरू लागल्या. जीओजी आणि स्टीम या ऑनलाइन दुकानांत कुलूप काढलेल्या आवृत्त्या आल्यावर निम्मा त्रास कमी झाला. पण हे सगळे टेकू होते. आतला कोड तोच, त्याच एका जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला.

आतला कोड वाचायची सवय मात्र काही जणांना आधीपासून होती. ‘८कार्स’ आणि ‘ड्रेक्सलर पॅच’ यांसारखी साधनं चालू खेळाच्या मेमरीत हात घालून आकडे बदलत. डब्यांची मर्यादा ओलांडता यायची, खेळाने नाकारलेले रूळ बसवता यायचे. कुठल्या पत्त्यावर काय ठेवलं आहे याचं ज्ञान अशा खटपटींतूनच साठत गेलं. २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेयस या स्वीडिश प्रोग्रामरने ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’चा यंत्रकोड उलगडून तो सी भाषेत लिहून काढला होता. ‘ओपनटीटीडी’ नावाने तो खेळ आजही जोरात चालू आहे. सॉयरचं असेंब्ली उलगडता येतं, हे त्यामुळे सिद्ध झालं होतं.

एप्रिल २०१४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. अटारी या गेम-कंपनीने ‘रोलरकोस्टर टायकून ४ मोबाइल’ काढला. त्यात पाळणा बांधून व्हायची वाट पाहायची, नाहीतर पैसे मोजायचे. जुन्या खेळाडूंना ते जिव्हारी लागलं. त्याच महिन्यात २००२ च्या ‘रोलरकोस्टर टायकून २’ला धरून ‘ओपनआरसीटी२’ या खुल्या आवृत्तीचं काम सुरू झालं.

त्याची पद्धत थोडी तपशिलात सांगायला हवी. ज्या वाड्यात माणसं राहताहेत त्याची एकेक तुळई बदलत जावी आणि एकाही रात्री कुणाला बाहेर झोपावं लागू नये, तसं हे काम झालं. सुरुवातीचा ओपनआरसीटी२ मूळ खेळाची फाइलच मेमरीत, तिच्या ठरलेल्या पत्त्यावर चढवायचा. खेळ सगळा सॉयरचाच चालायचा. मग एक छोटा भाग घ्यायचा, समजा पाहुण्याने फुगा विकत घेण्याचा. त्याचं असेंब्ली वाचायचं, अर्थ लावायचा, तेच काम करणारा कोड सी मध्ये लिहायचा आणि जुन्याच्या जागी तो जोडायचा. खेळ चालू करून पाहायचा. जमलं तर पुढचा भाग.

यातली खरी मेख जोडणीत होती. सी मधली फंक्शनं एकमेकांना माहिती देताना ठरलेले नियम पाळतात. सॉयर एकटाच लिहीत होता, त्याला असल्या नियमांची गरज नव्हती. कुठली माहिती कुठल्या रजिस्टरमधून द्यायची हे तो प्रत्येक ठिकाणी आपल्या सोयीने ठरवायचा. म्हणून नव्या कोडमधून जुन्याला हाक मारताना सात रजिस्टरं हाताने भरून द्यावी लागत आणि परत येताना त्यांत काय उरलं ते तपासावं लागे. शेकडो ठिकाणी हे झालं. करणारे जगभरातले हौशी लोक होते, नोकरी सांभाळून, मोबदल्याशिवाय.

त्याहून अवघड होता संयम. जुना कोड वाचताना चुका दिसतात, विचित्र हिशेब दिसतात, हात शिवशिवतात. पण पाहुणा चुकीच्या वळणावर हरवत असेल तर नव्या कोडमध्येही तो तसाच हरवायला हवा, नाहीतर वीस वर्षं जपलेला कुणाचा तरी पार्क वेगळा वागू लागेल. आधी तंतोतंत तेच, सुधारणा नंतर. हा क्रम त्यांनी पाळला म्हणूनच ‘ओपनआरसीटी२’ खेळताना तोच खेळ खेळल्यासारखं वाटतं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं सर्वांत मोलाचं ते हेच.

असेंब्लीचा शेवटचा तुकडा निघाला आणि बंधनं गळून पडली. ६४-बिट विंडोज, लिनक्स, मॅक, एआरएम प्रोसेसर, अँड्रॉइड, सगळीकडे तोच खेळ चालू लागला. अनेकांनी मिळून एकच पार्क बांधायची सोय आली. त्यात प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पाहुणा एकाच क्षणी तेच करत असला पाहिजे, नाहीतर दोन पार्क वेगळे होतात. २०२२ मध्ये पार्क साठवायची नवी पद्धत आली आणि पाळण्यांच्या, नकाशाच्या जुन्या मर्यादा सुटल्या. जुने पार्क तरीही उघडतात, फक्त दुसऱ्या भागाचे नव्हे, तर पहिल्या भागाचेही.

सॉयरही स्वस्थ बसला नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये फोनसाठी आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरसाठी ‘रोलरकोस्टर टायकून क्लासिक’ आला. पहिला आणि दुसरा भाग त्यात एकत्र केले होते. खेळ इतरांनी नव्याने लिहिला असला तरी त्यात सॉयरचं लक्ष होतं आणि ते जाणवतं. फोनवर खेळायचं असेल तर मी आजही तोच सुचवेन. पण तो बंद पेटीतला आहे. उद्या विक्रेत्याने तो काढून घेतला किंवा फोनची प्रणाली पुढे गेली, तर पुन्हा वाट पाहणं आलं. ‘ओपनआरसीटी२’चा कोड कुणालाही वाचता, दुरुस्त करता, नव्या यंत्रावर नेता येतो. एखादा खेळ पन्नास वर्षं टिकावा असं वाटत असेल तर मला दुसरा मार्ग दिसत नाही.

अजून एक काम बाकी आहे. कोड नवा झाला, तरी चित्रं मूळ खेळाचीच लागतात आणि त्यांचे हक्क मूळ मालकांकडे आहेत. पाळण्याचा प्रत्येक डबा, रुळाचा प्रत्येक चढ, प्रत्येक झाड वेगवेगळ्या कोनांतून काढलेलं. मूळ खेळाच्या मुख्य फाइलमध्ये अशी तीस हजारांच्या आसपास चित्रं आहेत. ती नव्याने, मुक्त हक्कांनी काढायचं काम स्वयंसेवकांनी हाती घेतलं आहे. आवाज आणि संगीताचंही तसंच चाललं आहे. ते पुरं होईपर्यंत ‘ओपनआरसीटी२’ सुरू होताना मूळ खेळ कुठे आहे ते विचारतो, आणि तो विकत घ्यावाच लागतो. सेलमध्ये तो पाचसात डॉलरच्या आत मिळतो. मी घेतला आहे, यावेळी रीतसर.