चार घासांचं पोट

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसला की आजूबाजूला दोन तट पडतात. एक तट हळहळतो, ‘आता बिचाऱ्याला आयुष्यभर पेजच.’ दुसरा तट गुलाबजाम वाढायला पुढे सरसावतो, ‘अहो, पोटच कापलंय, जास्त जाणारच नाही. मग एकाने काय होतंय?’ चुकतात दोघंही, पण दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते.

आधी मापं पाहू. भरपेट जेवणानंतर सर्वसाधारण जठर ताणून एक ते दीड लिटर सामावून घेतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत त्याचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्या वाटेने जात नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सर्जन एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी ही बायपास सुरू केली. अल्सरमुळे जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहसा चढत नाही, हे सर्जनांच्या लक्षात आलेलं होतं.

पेज फक्त सुरुवातीला. पहिले एक-दोन आठवडे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घरचं नेहमीचं जेवण. त्या सुमारास ताटलीत काय असतं? अर्धा फुलका, तीन-चार चमचे घट्ट वरण, पनीरचे चार तुकडे. सुपारीएवढा घास, तो तोंडात पूर्ण बारीक होईपर्यंत चावायचा, आणि एवढंसं जेवण संपवायला वीस-पंचवीस मिनिटं. पोट भरल्याची खूणही पूर्वीची राहत नाही. छातीच्या मध्यावर दाब येतो, कुणाला उचकी लागते, कुणाचं चक्क नाक वाहायला लागतं. तिथेच थांबायचं. ‘ताटात टाकू नये’ म्हणून शेवटचा घास रेटला, तर तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि तो घास तसाच परत येतो.

हे माप कायमचंही नसतं. आतली सूज उतरते, जठर थोडं सैलावतं, आणि वर्ष-दीड वर्षाने बहुतेकांना एका वेळी वाटी-दीड वाटी जेवता येतं. हे अपेक्षितच आहे, पण नेमकं याच टप्प्यावर अनेकजण घाबरतात : दिवाळीत जरा जास्त झालं, पोट पुन्हा ताणलं गेलं, सगळं वाया गेलं! एका जेवणाने तसं होत नाही. स्लीव्हमध्ये तर जठराचा सर्वांत जास्त ताणला जाणारा वरचा फुगीर भागच काढलेला असतो. रोज, महिनोन् महिने, दाब जाणवल्यावरही खात राहिलं तर गोष्ट वेगळी.

वजन परत चढतं ते बहुधा दुसऱ्याच वाटेने. लहान पोट घनफळ मोजतं, कॅलरी मोजत नाही. मटणाचा तुकडा, पोळीचा मोठा घास, भाताचा गोळा तिथे अडतो. पण श्रीखंड, आइस्क्रीम, चहात बुडवलेलं बिस्किट, तोंडात विरघळणारी शेव सुळकन खाली उतरते आणि तासाभरात पुन्हा जागा होते. दिवसभर चिवड्याच्या डब्यात हात घालणाऱ्याला शस्त्रक्रिया अडवू शकत नाही. जेवताना पाणी पिऊ नका आणि नंतरही अर्धा तास थांबा, असं डॉक्टर सांगतात त्याचं एक कारण हेच : पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकतं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही.

फुटबॉलपटू दिएगो मॅराडोनाने २००५ मध्ये कोलंबियात बायपास करून घेतली. वजन झपाट्याने उतरलं, पुढे परत चढलं, आणि २०१५ मध्ये व्हेनेझुएलात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पण सगळ्यांचं असंच होतं, हाही गैरसमजच. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनीही ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमीच होतं. थोडं परत येतं, बरंचसं येत नाही. यात निव्वळ पिशवीच्या मापाचं श्रेय नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भाग काढल्यावर ते घटतं, तर दोन्ही शस्त्रक्रियांनंतर तृप्तीची खूण देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. ती नंतर परत येते, आणि तोवर खाण्याची नवी सवय अंगवळणी पडलेली असावी लागते.

आता तो गुलाबजाम. साखर त्या चिमुकल्या पिशवीतून एकदम आतड्यात उतरली की, विशेषतः बायपासनंतर, अर्ध्या तासाच्या आत काहींना घाम फुटतो, धडधडतं, पोटात मुरडा येतो. याला डम्पिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली घसरून चक्कर येते. हे सगळ्यांना होत नाही, पण होणाऱ्याला पंगतीतून उठावं लागतं. दारूचंही तसंच, ती रक्तात झटकन चढते. पूर्वीचा ‘एक पेग’ आता एक पेग राहत नाही.

शाकाहारी घरांत खरी ओढाताण प्रथिनांची होते. दिवसाला ६० ग्रॅम तरी हवीत. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. एवढ्याशा पोटात हे बसवायचं तर ताटातली प्रथिनं आधी संपवायची, भात-पोळी शेवटी. सुरुवातीला प्रोटीन पावडरीशिवाय भागत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

‘वजन उतरलं, आता गोळ्या कशाला?’ हा समज मात्र सर्वांत घातक. बी१२ शोषून घ्यायला जठरातलं आम्ल आणि तिथेच तयार होणारा एक घटक लागतो. लोह आणि कॅल्शियम आतड्याच्या ज्या पहिल्या भागात जास्त शोषलं जातं, तोच भाग बायपासमध्ये अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो. त्यामुळे या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवून. रक्ततपासणीही दरवर्षी. आणि ऑपरेशननंतर उलट्या सुरू होऊन दोन-तीन दिवसांत थांबल्या नाहीत, तर ‘पोट लहान आहे, व्हायचंच’ म्हणून घरी बसू नये. शरीरातला बी१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी आपल्या सर्जनला गाठावं.