मालात पाणी किती?

घर बांधायला काढणारे वाचक हमखास विचारतात, ‘सिमेंट कोणतं घेऊ?’ त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा आहे. स्लॅब टाकायच्या दिवशी मिक्सरपाशी उभे राहा. माल जरा घट्ट वाटला, घमेल्यातून सुटेना, की कुणीतरी अर्धी बादली पाणी ओततो. माल सरसर पसरतो, काम भराभर उरकतं आणि स्लॅबची ताकद तिथेच घटते!

सिमेंट पुरतं मुरायला त्याच्या वजनाच्या साधारण 38 टक्के पाणी पुरतं; म्हणजे 50 किलोच्या गोणीला 19 लिटर. माल हाताळता यावा म्हणून थोडं जास्त लागतं. आयएस 456 या भारतीय मानकानुसार मध्यम हवामानातल्या आरसीसीला गोणीमागे जास्तीत जास्त 25 लिटर चालतं. खाऱ्या वाऱ्याला उघड्या बांधकामाला साडेबावीस. वाळूतली ओलही यातच धरायची. 80 किलो वाळूत पाच टक्के ओल असेल, तर चार लिटर पाणी आधीच मालात आलेलं असतं. जादा पाणी पुढे उडून जातं, पण त्याने अडवलेली जागा पोकळच राहते. त्या सूक्ष्म वाटांनी हवा आणि क्षार सळईपर्यंत पोचतात, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात.

सिमेंटच्या मानाने पाणी जितकं जास्त, तितकी ताकद कमी, या नियमाचं श्रेय बहुतेक पुस्तकं डफ एब्रम्सला देतात. शिकागोत असंख्य चाचण्या करून त्याने 1918 मध्ये तो मांडला. पण त्याच्या पाव शतक आधी, 1892 मध्ये, फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेर या बंदरगावी रने फेरे या अभियंत्याने सिमेंटच्या मसाल्यावर प्रयोग करून मुळाशीच हात घातला होता. ताकद ठरवताना त्याने पाण्याच्या जोडीला मालात अडकलेली हवाही मोजली. किती अचूक नजर! मालात पाच टक्के हवा राहिली तरी ताकद जवळपास 30 टक्क्यांनी उतरते. व्हायब्रेटर नीट फिरवायचा तो याचसाठी. फेरेचं नाव आपल्या अभ्यासक्रमात ठळकपणे यायलाच हवं.

माल घट्ट वाटला तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर वापरा, तोही इंजिनिअरने ठरवलेल्या मात्रेत. पाणी मापाच्या डब्यानेच घाला. त्याच मालाचे 150 मिलिमीटरचे क्यूब भरून 28 दिवसांनी तपासून घ्या.

पाण्याची खरी गरज लागते ती स्लॅब घट्ट झाल्यावर. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसीला किंवा कडक उन्हाळ्यात किमान दहा दिवस तो सतत ओला ठेवा. वाफे करून पाणी साठवलंत तर उत्तम. मिक्सरमध्ये वाचवलेलं पाणी स्लॅबवर सढळ हाताने घाला. घर मजबूत करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.