गोळी आल्यावर माणसं बेफिकीर झाली का?

१९९६च्या जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या एड्स परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याच्या उपचाराचे निकाल मांडले गेले. मरणपंथाला लागलेली माणसं काही महिन्यांत कामावर परतू लागली. आनंदामागोमाग काळजीही आली: आता लोकांना धाक उरणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी पुरुषांनी मित्रांच्या मरणानंतर कंडोम स्वीकारला होता. नव्वदचं दशक सरता सरता तिथं त्याचा वापर खरोखर घटू लागला.

२००४मध्ये अमेरिकी संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त धोका पत्करत नव्हते. ‘उपचारामुळे लागण टळते’ असं मानणाऱ्यांमध्ये मात्र, ते बाधित असोत वा नसोत, कंडोम टाळण्याचं प्रमाण जास्त होतं. (आधी कंडोम टाळायचा आणि मग मनाची अशी समजूत घालायची, असंही होत असणारच.)

आणि ही समजूतच पुढे खरी ठरली! जानेवारी २००८मध्ये स्वित्झर्लंडच्या एड्स आयोगानं जाहीर केलं, की औषध नियमित चालू असेल, सहा महिने रक्तात विषाणू सापडत नसेल आणि दुसरा गुप्तरोग नसेल, तर जोडीदाराला लागण होत नाही. केवढा गहजब झाला! लोकांना हे सांगणंच बेजबाबदारपणाचं आहे, असं कित्येक तज्ज्ञांचं मत पडलं. २०१९मध्ये युरोपातल्या समलिंगी जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला. एक बाधित, पण उपचारानं विषाणू आटोक्यात, दुसरा निरोगी. कंडोमविना सुमारे ७६ हजार संबंध आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. पंधरा जणांना लागण झाली, पण ती बाहेरच्या संबंधांतून.

२०१२मध्ये अमेरिकेनं निरोगी माणसांसाठी प्रतिबंधक गोळीला मान्यता दिली. सॅन फ्रान्सिस्कोत एका आरोग्यसंस्थेनं ही गोळी घेणाऱ्या साडेसहाशेहून अधिक जणांवर लक्ष ठेवलं. एकालाही एचआयव्ही झाला नाही. मात्र वर्षभरात निम्म्यांना दुसरा कुठला तरी गुप्तरोग झाला, आणि ज्यांना विचारलं त्यांतल्या ४१ टक्क्यांनी कंडोमचा वापर कमी केल्याचं सांगितलं. याला बेफिकिरी म्हणायला मी तयार नाही. जीवघेण्या आजारातून सुटका आणि बऱ्या होणाऱ्या आजाराची जोखीम, असा हिशेब ही माणसं मांडत होती. तो पूर्ण बरोबर नाही. सिफिलिस अंगावर काढला तर डोळे आणि मेंदूही जाऊ शकतात. २०२२मध्ये त्याच शहरानं संबंधांनंतर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेण्याची शिफारस केली, ती याच रोगांसाठी.

हे झालं तिकडचं. स्वस्त औषधांचा मार्ग मात्र मुंबईतून गेला: २००१मध्ये तिथल्या सिप्ला या औषधकंपनीनं तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला. २००४पासून आपल्याकडे सरकारी उपचार मोफत आहेत. इथली अडचण बेफिकिरीची कमी आणि भीतीची जास्त आहे. गावात कळू नये म्हणून जवळचं उपचार केंद्र सोडून दुसऱ्या जिल्ह्यातून गोळ्या आणणारे रुग्ण आहेत. बसभाड्याला पैसे नसले, की त्यांची गोळी चुकते.