दाराबाहेरचं घर

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, चाळीस मजली इमारतीत ५०० चौरस फुटांचं घर आलं. सरकारी कागदावर हा निरोप एवढाच आहे. चाळीत वाढलेल्या माणसाला विचाराल, तर तो घराचं माप असं सांगणार नाही. आमचं घर खोलीच्या दाराशी संपत नव्हतं, दारातून बाहेर पडल्यावर ते सुरू व्हायचं.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरणी कामगारांच्या राहण्याचे हाल झाले होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झालं. बीडीडी हे नाव तिथून आलं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवून घरबांधणीला पैसा उभा केला गेला. बेत पन्नास हजार गाळ्यांचा होता. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. गाळे झाले साधारण साडेसोळा हजार. सुरुवातीला त्यांतले पुष्कळ रिकामेच राहिले. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, जाण्यायेण्याची सोय नाही आणि भाडं कामगाराला जड. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० साली, वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करून सत्याग्रहींना तिथे डांबलं होतं. लोक राहायला येण्याआधी कैदी राहून गेले, अशी ही वास्तू.

बांधणी सगळीकडे सारखी. तळमजला आणि वर तीन मजले. गिरगावातल्या चाळीसारखी उघडी गॅलरी इथे नाही. मध्ये लांबलचक पॅसेज आणि दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. पॅसेजमध्ये भर दुपारीही दिवा लावावा लागे. त्याच अंधाऱ्या पट्ट्यात आमचं सगळं बालपण गेलं. रात्री पुरुष आणि मुलगे तिथेच पथारी टाकत. परीक्षेच्या दिवसांत पोरं पॅसेजच्या दिव्याखाली ओळीने अभ्यासाला बसत. कुणाकडे लग्न निघालं की पाहुणे मजल्यावरच्या खोल्यांत वाटून घेतले जात. मयत झालं तर त्या घरची चूल पेटायची नाही, पण भाताचं पातेलं शेजारून यायचं आणि ते कुणी पाठवलं हे विचारायची पद्धत नव्हती.

कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून एकट्याने आलेल्या कामगारांसाठी गावाची खोली असे. एका खोलीत गावची दहा-पंधरा माणसं, प्रत्येकाची भिंतीकडेला एक ट्रंक. गिरणी तीन पाळ्यांत चाले, तशी झोपही तीन पाळ्यांत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करत. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले. तेव्हा कित्येक घरं बायकांच्या लाटण्यावर आणि शेजारच्या उसनवारीवर तगली. डाळीची वाटी पॅसेजमधून इकडून तिकडे जायची. तिचा हिशेब पुढे कुणी काढला नाही.

हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पहाटे पाण्यासाठी उठायचं ते बायकांनी. सामायिक संडासापुढे रांगेत उभं राहायचं, गरोदरपणीही. नव्या सुनेला रडायलासुद्धा आडोसा नव्हता. नव्या घरात आपल्या घरातच संडास आहे, या एका गोष्टीसाठी ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं, तिच्यापुढे चाळीचे गोडवे गाऊ नयेत. शेजारही सगळ्यांना सारखा मिळाला नाही. वस्ती पुष्कळदा जातीप्रमाणे वेगवेगळ्या चाळींत वाटलेली होती. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली, तेव्हा यांतल्याच एका चाळीवरून दुसऱ्या चाळीवर दगड पडले. त्या दंगलीच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव यांचा बळी गेला.

आता खोल्या रिकाम्या होताहेत. चाळींचा पुनर्विकास करणाऱ्या म्हाडाकडे पात्रता सिद्ध करायची म्हणून जुनी कागदपत्रं पोटमाळ्यावरून खाली उतरली. आजोबांच्या नावाची भाडेपावती, मळलेलं रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला. अनेक घरांत नातवंडांनी पणजोबांचं पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं ते या फायलीत. त्यानंतर संक्रमण शिबिर किंवा दरमहा भाडं घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड आणि शेवटी घराची सोडत.

मला बोलायचं आहे ते या सोडतीबद्दल. चिठ्ठीने घर ठरलं की वशिल्याला जागा राहत नाही, हे तिचं मोल मी मानतो. पण तीन पिढ्या समोरासमोर राहिलेली दोन कुटुंबं त्यामुळे एक आठव्या मजल्यावर, दुसरं तेहतिसाव्यावर अशी जाऊ शकतात. सोडत कुटुंबागणिक न काढता जुन्या मजल्यागणिक काढली, तर वीस बिऱ्हाडं जवळजवळच्या मजल्यांवर राहतील. वशिला तेव्हाही चालणार नाही. चौरस फूट वाढवून देताना शेजारही सोबत देता येतो, त्याला जास्तीची जागा लागत नाही. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या) जमिनीवर असल्याने त्यांचा प्रश्न अजून वेगळा लोंबकळतो आहे. तिथे तरी हा विचार आधीच व्हावा असं मला कळकळीने वाटतं.

ज्यांची चाळ अजून उभी आहे, त्यांनी एक काम करावं. आपल्या मजल्याचा नकाशा काढावा. वीस चौकोन, प्रत्येकात खोली नंबर, राहून गेलेल्यांची नावं, त्यांचं गाव, त्यांची गिरणी. वास्तुविशारद नीरा आडारकर यांनी मीना मेनन यांच्यासोबत गिरणगावातल्या लोकांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवून ठेवला, तो २००४ साली पुस्तकरूपाने आला. पण प्रत्येक मजल्याची नोंद बाहेरचं माणूस करू शकत नाही. आमच्या मजल्यावरची आम्ही मंडळी आता फोनवरून हे काम करतो आहोत. चौकोन बरेचसे भरले आहेत. जिन्याजवळच्या खोलीत संपाच्या आधी कोण राहायचं, यावर मात्र दोन काकूंचा वाद अजून मिटलेला नाही, आणि दोघींकडेही साक्षीदार आहेत.