मोठ्या घरातून लहान घरात : सामान कमी करताना सापडलेली आपली सजावट



म्युनिक आणि आसपासच्या गावांत भाड्याचं घर शोधणं म्हणजे काय असतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. घर मिळालं, स्थिरस्थावर झालो असं वाटतं न वाटतं तोच एखाद्या दिवशी पत्र येतं : 'आयगेनबेडार्फ', म्हणजे घरमालकाला घर स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी हवं आहे. असं पत्र कायद्याने देता येतं. घर रिकामं करायची मुदत आपण तिथे किती काळ राहिलो यावर ठरते : पाच वर्षांपर्यंत तीन महिने, पाच वर्षांनंतर सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ. आम्ही उंटरश्लाइसहाइममधल्या घरात सहा वर्षं काढली होती, त्यामुळे आम्हाला सहा महिने मिळाले.

लेकीची शाळा बदलायची नव्हती, आणि खिशाला परवडेल असं घर गावातच पण लहान मिळालं. ९२ चौरस मीटरमधून आम्ही ६१ चौरस मीटरमध्ये आलो, एस-बानच्या एस १ लाईनवर एक स्टेशन पुढे, लोहहोफला. साडेतीन खोल्यांचं सामान अडीच खोल्यांत बसवायचं होतं. हा लेख त्याबद्दल आहे. पण 'कमी जागेत जास्त सामान कसं बसवावं' याच्या युक्त्या इथे नाहीत. आम्हाला जे उमगलं ते थोडं वेगळं आहे : घराला स्वतःचं रूप नवीन वस्तू आणून येत नाही, काय ठेवायचं हे ठरवल्यावर येतं. मोठ्या घरात हे ठरवावंच लागत नाही, सगळंच मावतं. लहान घर ते ठरवायला लावतं.

आधी मोजमाप

आम्ही दोघेही इंजिनिअर, त्यामुळे सुरुवात ग्राफ पेपरपासून झाली! नवीन घराचा नकाशा १:५० प्रमाणात काढला, म्हणजे घरातलं एक मीटर कागदावर दोन सेंटीमीटर. त्याच मापाने पलंग, सोफा, कपाट, टेबल यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा तास असा कामी येईल असं कॉलेजात वाटलं नव्हतं. लेकीने ते तुकडे सारीपाटाच्या सोंगट्यांसारखे सरकवले आणि दहा मिनिटांत कळलं की तिघांचा मोठा सोफा आणि सहा खुर्च्यांचं टेबल यांतलं एकच येणार. टेबल ठेवलं. आमच्याकडे माणसं येतात ती जेवायला येतात, आणि जेवणानंतरच्या गप्पाही त्याच टेबलाशी होतात.

नकाशावर दोन गोष्टी आवर्जून काढा. एक, दारं आणि खिडक्या उघडायला लागणारी जागा. इथल्या खिडक्या आत उघडतात आणि रोज घर हवेशीर करायला त्या पूर्ण उघडाव्या लागतात. दुसरी, बाहेरची भिंत कोणती ते. थंडीत बाहेरची भिंत गार असते. तिला कपाट चिकटवलं की मागे हवा खेळत नाही, ओल धरते आणि बुरशी येते. मोठी कपाटं शक्यतो आतल्या भिंतीला लावा. नाइलाज असेल तर पाच ते दहा सेंटीमीटर अंतर सोडा, आणि ते अंतर नकाशातही धरा.

चार ढीग आणि तीन प्रश्न

मग प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारले. गेल्या वर्षभरात वापरली का? नसेल, तर ती समोर दिसावी असं वाटतं का? तेही नसेल, तर ती नेमकी कोणासाठी ठेवली आहे? उत्तरांप्रमाणे चार ढीग झाले : ठेवायचं, द्यायचं, विकायचं आणि वेर्टश्टोफहोफला न्यायचं.

पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. खरी अडचण तिसऱ्याची. परदेशातल्या मराठी घरात तीन प्रकारचं सामान हटकून असतं. पहिलं, 'दोन वर्षांत परत जायचंच आहे' म्हणून न उघडलेली खोकी. दुसरं, घरच्यांनी प्रेमाने दिलेलं आणि दर खेपेला वाढत गेलेलं : स्टीलचे डबे, चादरी, शोभेच्या मूर्ती. तिसरं, गेलेल्या माणसांच्या वस्तू.

खोक्यांचं आम्ही लगेच उरकलं. सहा वर्षांत ज्याची आठवण झाली नाही, ते परत जातानाही लागणार नाही. भेटींसाठी भारतात फोन केला. "आई, एकावन्न भांड्यांच्या सेटमधली बारा ठेवतोय, बाकीची इथे नवीन आलेल्या मुलांना देतोय," असं सांगितलं. आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "कोणाच्या तरी स्वयंपाकात लागतायत ना? मग दे." देण्याआधी विचारलं की देणाऱ्याचा मान राहतो. आपल्याही मनावरचं ओझं उतरतं.

तिसरा प्रकार घाईने हाताळू नका. आजीच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी, तिची पितळी समई, तिचा अडकित्ता, तिच्या हाताने लिहिलेली पाककृतींची वही आणि एक लोखंडी ट्रंक, एवढं आमच्याकडे होतं. यातलं काय ठेवायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली, थोडं रुसणंही झालं. शेवटी असं ठरलं : आठवणीच्या वस्तू पेटीत बंद ठेवायच्या नाहीत. ज्या ठेवू, त्या रोजच्या घरात दिसतील किंवा वापरात येतील. बाकीच्या भावंडांकडे जातील. समई, गोधडी आणि वही राहिली. ट्रंक आता पलंगाच्या पायथ्याशी आहे आणि तिच्यात हिवाळ्याची पांघरुणं आहेत. अडकित्ता पुण्याला बहिणीकडे गेला. तिच्याकडे अजून सुपारी कातरली जाते.

न जुळणाऱ्या वस्तू जुळवायच्या कशा

ढीग उपसून झाल्यावर जे उरलं ते बघून पहिल्यांदा हसूच आलं. इकेआचं बिली शेल्फ, सावंतवाडीची लाकडी फळं, वारली चित्र, सोलापुरी चादर, शेजारच्या आजोबांनी त्यांचं घर आवरताना दिलेली रंगीत फुलं काढलेली जुनी बव्हेरियन पेटी. यात एका जातीचं काहीच नाही. पण थोडे प्रयोग केल्यावर चार साधे नियम हाती लागले.

एक, वस्तूंचं नातं शोधा. बव्हेरियन पेटी आणि सावंतवाडीची फळं दोन टोकांची, पण दोन्ही लाकडाची, दोन्ही हाताने रंगवलेली. एकमेकांशेजारी ठेवल्यावर दोन्हींचे रंग खुलले. देश वेगळा असला तरी कारागिरीची जात एक असू शकते.

दोन, एक रंग सगळीकडे फिरता ठेवा. आमच्याकडे तो खणाचा लाल आहे. बिलीच्या पाठीवर खणाचं कापड लावलं, त्यातलाच तुकडा खुर्चीच्या उशीला, आणि तोच लाल गोधडीतही आहे. बिली शेल्फ गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ साली आखलं, ८० सेंटीमीटर रुंद आणि २८ सेंटीमीटर खोल. जगभर ते घरोघरी आहे. आमचं मात्र पाठीच्या खणामुळे आमचं वाटतं.

तीन, एका भिंतीवर एकच मुख्य वस्तू. गोधडी जिथे आहे तिथे दुसरं काही नाही. ती आतल्या भिंतीवर लावली आहे. बाहेरच्या गार भिंतीवर कापड टांगलं तर मागे ओल धरू शकते.

चार, थोडी जागा मोकळी सोडा. रिकामा कोपरा दिसला की भरायचा मोह होतो. पण दिवाळीचा आकाशकंदील आणि गणपतीची आरास वर्षातून एकदाच येतात, त्यांच्यासाठी जागा आधीच असली पाहिजे.

हे काही नवीन नाही

वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्तूंचं एक घर करणं ही काही आमची शोधबुद्धी नव्हे. अमेरिकन डिझायनर जोडपं चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९४९ साली कॅलिफोर्नियात कारखान्यात तयार मिळणारं पोलाद आणि काच वापरून घर बांधलं, आणि आत देशोदेशींच्या लोककलेच्या वस्तू मांडल्या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी १९५८ साली जो अहवाल लिहिला, त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून त्यांनी कशाचं कौतुक केलं असेल? आपल्या साध्या तांब्याचं! हातात बसतो, कमरेवर राहतो, पाणी सांडत नाही. आमचा तांब्या हे वाचल्यावर ओट्याखालून टेबलावर आला.

कमी जागेचंही तेच. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने गिरगाव-दादरच्या चाळींत दोन खोल्यांत मोठी कुटुंबं वाढवली. खोली एकच, पण सकाळी तिथे पाट मांडले की जेवणघर, दुपारी अभ्यासाची खोली, रात्री वळकट्या उलगडल्या की झोपायची. भिंतीत कोनाडे आणि फडताळं, वर माळा, दारामागे खुंट्या. जर्मनीतही असा विचार झालेला आहे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयासाठी माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी १९५४ साली एक स्टूल आखलं : तीन फळ्या आणि एक गोल दांडा. त्यावर बसता येतं, ते बाजूचं टेबल होतं, आणि दांड्याला धरून त्यातून पुस्तकंही नेता येतात. थोडक्यात, जर्मन चौरंगच! आम्ही बांधकाम-सामानाच्या दुकानातून फळ्या आणून त्याच धर्तीवर दोन स्टुलं घरी केली. पाहुणे आले की ती बसायला लागतात, एरवी एकावर समई असते.

भाड्याच्या घरातली पथ्यं

हौस करताना इथले नियम सांभाळावे लागतात.

भिंतीचा रंग : राहत असताना हवा तो लावता येतो. पण फिकट रंगात मिळालेलं घर गडद रंगात परत दिलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा नोव्हेंबर २०१३ चा निकाल आहे. आम्ही भिंती पांढऱ्याच ठेवल्या आणि रंग कापडातून आणला.

भोकं : चित्रांसाठी छताजवळ ॲल्युमिनियमची बारीक पट्टी लावली. चार-पाच भोकांत काम झालं, आता तारेवरून चित्रं हवी तशी सरकवता येतात. ड्रिल रविवारी आणि रात्री १० नंतर नको, हे आहेच.

देवघर : बव्हेरियात २०१७ अखेरपासून जुन्या घरांतही झोपायच्या खोल्या, मुलांच्या खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या बोळात धूरसूचक सक्तीचा आहे. त्यामुळे निरांजन-उदबत्तीची जागा त्यापासून लांब आणि पडद्यांपासूनही दूर ठेवा. आमचं देवघर बैठकीतल्या शेल्फच्या मधल्या कप्प्यात आहे. वरचा कप्पा काढून टाकला आहे, म्हणजे ज्योतीवर मोकळी जागा राहते.

पितळ : इथल्या पाण्यात चुना फार. चिंचेने घासल्यावर भांडं लगेच कोरडं पुसलं नाही तर पांढरे डाग राहतात.

झोपाळा : प्रत्येक मराठी घराचं स्वप्न! पण छताचा भार आणि घरमालकाची लेखी परवानगी या दोन्हींशिवाय विचार करू नका. आम्ही तो बेत पुढच्या घरासाठी राखून ठेवला आहे.

घ्यायचं-द्यायचं कुठे

म्युनिकच्या महापालिकेचं 'हाले २' हे जुन्या वस्तूंचं दुकान पासिंगच्या बाजूला आहे. लोकांनी वेर्टश्टोफहोफवर दिलेल्या चांगल्या वस्तू तिथे विकल्या जातात. मारियाहिल्फप्लाट्झवर वर्षातून तीनदा ऑअर डुल्ट भरते, तिथला भांड्यांचा बाजार बघण्यासारखा असतो. वसंतोत्सवाच्या पहिल्या शनिवारी टेरेझियनवीझवर मोठा जुना बाजार भरतो. आणि क्लाइनअनत्साइगेन तर रोजचंच. आमचा नियम एवढाच की एक वस्तू आली तर एक जाणार. लेक त्याची कडक अंमलबजावणी करते.

शेवटी एक सांगावंसं वाटतं. आपल्यापैकी बरेच जण इथे 'तात्पुरतं' राहतात आणि म्हणून घर लावायचं पुढे ढकलतात. पण पत्र कधीही येऊ शकतं, आणि मुलांचं लहानपण तर याच घरात चाललेलं असतं. लेकीला तिच्या घराचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने गोधडी, फुलांची पेटी आणि तांब्या काढला. चौरस मीटर किती कमी झाले, याची त्यात कुठे नोंद नव्हती.

आमचा ग्राफ पेपरचा नकाशा आणि पुठ्ठ्याचे तुकडे कोणाला हवे असतील तर पुढच्या कार्यक्रमात जरूर मागा. स्टीलची काही भांडीही अजून उरली आहेत!